पोरीचा ठसा

हाइड्रून क्रेब्सच्या बोटांना चटका कळत नसे. शेगडीवरचं पातेलं ती फडकं न घेता उतरवी, आणि तिचा दीर लोथार दर वेळी म्हणे, “हिला नरकात पाठवून काही उपयोग नाही. तिथे जाऊन ही बटाटे उकडायला ठेवेल.” लाइपझिगच्या एका मोठ्या बाइंडिंग कारखान्यात तिनं उभी हयात पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर ठसे मारण्यात घालवली होती. वर पितळेचा तापलेला ठसा, मध्ये सोनेरी वर्ख, खाली कापड चढवलेला पुठ्ठा, आणि मग यंत्राचा दाब. ठसा जरा तिरका बसला की तो हातानंच सरकवायचा, कारण हातमोजे घालून केसभर सरकवता येत नाही. असं भाजून भाजून बोटांची टोकं कायमची बधिर झाली. कारखान्यातल्या सगळ्याच बायकांची तशी होती, त्यामुळे त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे.

तो कारखाना आता नाही. मधली भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाल्या, सगळ्यांनी रस्त्यावर नाचून घेतलं, आणि नाचून झाल्यावर कारखान्याला कुलूप लागलं. यंत्रं कुणी नेली ते नेणाऱ्यालाच ठाऊक. पितळेचे ठसे भंगारात निघाले, तेव्हा हाइड्रूनचा नवरा फोल्कमार हातगाडी घेऊन गेला. तिथले ठसे कोरणाऱ्यांत तो एक होता. जमतील तेवढे ठसे त्यानं उचलले आणि घराच्या तळघरात आणून रचले. शहराच्या रॉयडनित्स भागातल्या त्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक कोठडी आहे. लोक तिच्यात बटाटे, सायकली आणि सासूची नकोशी चित्रं ठेवतात. क्रेब्सांच्या कोठडीत बटाट्यांना जागा उरली नाही, आणि त्यावरून हाइड्रून वीस वर्षं कुरकुरत राहिली.

फोल्कमार फेब्रुवारीत फुप्फुसाच्या दुखण्यानं गेला.

त्या दिवसापासून हाइड्रूनला काहीच वाटत नव्हतं. हे असं सरळच सांगायला हवं, कारण शेजारीपाजारी त्याला भलतीच नावं द्यायचे. कुणी म्हणालं, काय धीराची बाई आहे. कुणी म्हणालं, आतल्या आत जळतेय बिचारी. ती जळत वगैरे काही नव्हती. दफनाच्या वेळी पाद्री बोलत असताना ती त्याच्या कोटाचं सुटलेलं बटण बघत होती. घरी येऊन तिनं लिव्हरचं सॉसेज लावून पाव खाल्ला आणि झोपली, आणि झोपही छान लागली. पायाला मुंग्या येतात तेव्हा निदान मुंग्या तरी येतात. इथे तेवढंही नव्हतं. कधी कधी तिला वाटे की बोटांचं जे झालं तेच हळूहळू वर सरकत आलं असावं. पण तसं वाटूनही तिला भीती वाटली नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली होती. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात फोल्कमारनं नाकावरची नळी बाजूला केली होती आणि म्हणाला होता, “हाइडे, पोरगी वितळू देऊ नकोस.”

“नाही देणार,” ती म्हणाली होती.

याला शेवटचे शब्द म्हणायला कुणालाही आवडेल. पण त्यानंतर तो आणखी दोन दिवस जगला आणि इस्पितळाचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी आहे अशी तक्रार करत राहिला.

पोरगी म्हणजे एक ठसा. कारखान्याच्या शेवटच्या वर्षी मुलांच्या एका पुस्तकासाठी त्यानं तो कोरला होता. चार महिने त्यावर बसला होता. पुस्तक निघालंच नाही, त्याआधीच दाराला कुलूप लागलं. म्हणजे तो ठसा कुठल्याही पुठ्ठ्यावर एकदाही उमटला नव्हता. लोथार म्हणायचा, त्यानं आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम ते. हाइड्रूननं तो फक्त उलटा, पितळात पाहिला होता, आणि पितळात पाहून काही कळत नसे. त्या दोघांना मूलबाळ झालं नाही. फोल्कमार त्या ठशाला पोरगी म्हणायचा ते त्यामुळे, असं शेजारणी म्हणत. पण तो कोरलेल्या घोड्यालाही बेटा म्हणायचा.

सप्टेंबर लागला आणि इमारतीच्या नव्या मालकानं सगळ्यांना कळवलं की महिनाअखेर तळघरं रिकामी करा. हाइड्रूननं भंगारवाल्याला गुरुवारी सकाळी यायला सांगून टाकलं. लोथार भडकला. त्याच कारखान्याच्या कापकाम खात्यातला निवृत्त मुकादम तो. आता शहराबाहेरच्या आपल्या बागेच्या तुकड्यात भोपळे लावायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत द्यायचा.

“भावाचं आयुष्य भंगारात घालतेस?”

“तू घेऊन जा मग बागेत. भोपळ्यांखाली ठेव.”

“माझ्या झोपडीची जमीन खचेल.”

“मग गप्प बस.”

तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं छपाईच्या संग्रहालयात फोन लावला आणि तिथून ओलरबाई आल्या. चाळिशीच्या, उंच, वाऱ्यानं लाल झालेल्या गालांच्या. मूळच्या उत्तरेकडच्या समुद्राकाठच्या, त्यामुळे कमी बोलायच्या आणि बोललेलं पाळायच्या. तळघरात उकिडव्या बसून त्यांनी एकेक खोकं उघडलं आणि कपड्यांना लागलेली धूळ झटकलीसुद्धा नाही.

“क्रेब्सबाई, सगळे ठसे आम्ही नेऊ शकत नाही. जागा नाही आणि जमीन एवढं वजन पेलणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण सगळ्यांची छाप हवी. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत, अगदी स्वच्छ. ती संगणकावर चढवली की ठसा गेला तरी नक्षी राहील. आणि छाप बघूनच आमची मंडळी ठरवतील कुठले तीसएक ठसे जपून ठेवायचे. बुधवारी दुपारी मी त्यांच्यातल्या दोघांना घेऊन येते.”

“पोरीचं काय?” लोथारनं विचारलं.

ओलरबाईंनी तो ठसा हातात घेतला. तळहाताएवढा, जाड, भोवती पानांची माळ आणि मध्ये खोल खड्डा. खड्ड्यात काहीतरी करडं भरून बसलं होतं, त्यावर तेलकट धुळीचा थर होता.

“हा खोलगट जातीचा, पुठ्ठ्यावर चित्र वर उठवणारा,” त्या म्हणाल्या. “खरं सांगू? शाईच्या छापेत हे नीट येत नाहीत. शाई फक्त वरच्या पातळीला लागते. बघू या. पण छापेत काही दिसलं नाही तर मी कशाच्या जोरावर भांडू?”

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं फोल्कमारचं झालं होतं. जिवंत असताना ज्याच्या ठशांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्याच्या ठशांसाठी आता शाई, रोलर आणि गुळगुळीत कागदाची चळत दारात आली. ओलरबाईंनी सगळं नीट समजावलं. ठसा आधी थंड स्पिरिटनं पुसायचा. काचेवर वाटाण्याएवढी शाई घ्यायची, रोलरनं पसरायची, रोलर चुरचुरला की समजायचं थर पातळ झाला; चपचप वाजला तर शाई जास्त. मग ठशावर हलक्या हातानं फिरवायचं, वर कागद, आणि फोल्कमारनं घरी ठेवलेल्या लोखंडी हातदाबयंत्रात एकदाच दाबायचं.

“आणि ठसा गार हवा,” जाताना त्या पुन्हा म्हणाल्या.

सोमवारी सकाळी हाइड्रूननं स्वैपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, लोथारनं खोकी वर आणून दिली, आणि तिनं काय केलं? पहिला ठसा विजेच्या शेगडीवर तापायला ठेवला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तिच्या उभ्या आयुष्यात गार ठसा तिनं कधी दाबलाच नव्हता. गार ठसा म्हणजे यंत्र बंद, म्हणजे मुकादमाच्या शिव्या. शाई लावली, कागद ठेवला, दाबलं. उचलून बघते तर शाई पातळ होऊन पिसापिसांत शिरलेली.

लोथारनं चष्मा कपाळावर चढवला. “हा काय प्राणी?”

“बगळा आहे.”

“असं होय. मला वाटलं चिखलात लोळलेलं डुक्कर. हाइडे, अगं ती बाई दाराबाहेर जाईस्तोवर ओरडत होती की गार ठेवा.”

“ऐकलंय मी.”

“ऐकलंयस तर शेगडी का पेटलीय?”

तिनं शेगडी बंद केली. पुढचा ठसा घेतला आणि नकळत हात पुन्हा शेगडीच्या बटणाकडे गेला. तेव्हा लोथारनं उठून वायरच काढून खिशात टाकली, आणि मग काम सुरळीत सुरू झालं. बगळे आले, जहाजं आली, द्राक्षांचे घोस आले, कुणा विसरलेल्या कवीची दाढी आली. उलटी अक्षरं वाचायची तिला एवढी सवय की कागदावर सुलटी झालेली नावं वाचताना ती अडखळायची. छाप चांगल्या येत होत्या. लोथार त्या दोरीवर वाळत घालायचा आणि प्रत्येकीला शेरा मारायचा. यातले कुठले फोल्कमारचे आणि कुठले दुसऱ्यांचे, हे त्याला बरोबर कळायचं. “हे फोल्कमारचं पान. बघ, देठ नेहमी डावीकडे. लग्नात नाचतानाही तो डावीकडेच वळायचा आणि तुला खांबावर आदळायचा.”

हाइड्रून मान हलवायची. खांब तिला आठवत होता. खांब आठवून काही होत नव्हतं. शाई, रोलर, कागद, दाब. दुपारी कॉफी आणि आलुबुखाऱ्याचा केक. बेकरीवाल्या बाईनं साखर वर भुरभुरलेली. मग पुन्हा शाई.

पोरगी तिनं मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती घरी कपाटात ठेवली तरी हाइड्रूनच्या मागे भंगारातच जाणार, म्हणून ती संग्रहालयातच जायला हवी होती. शब्द दिलेला होता, तेवढंच. पण तो एकच शब्द आता तिच्याजवळ उरला होता, आणि तो गेला तर आपल्याकडे काय उरेल याचं उत्तर तिला सापडत नव्हतं.

मंगळवारी दुपारी लोथार भोपळ्यांना पाणी द्यायला गेला. जाताना शेगडीची वायर टेबलावर ठेवून गेला, कारण संध्याकाळी तिला सूप तरी गरम करता आलं पाहिजे. हाइड्रूननं पोरगीवरचं वर्तमानपत्र सोडलं. खड्ड्यातली ती करडी घाण दगडासारखी कडक झाली होती. स्पिरिटनं पुसून काही हललं नाही, हाडाच्या काडीनं टोकरून काही हललं नाही. आता ठसा मारणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ठशात घाण बसली तर काय करायचं? ती म्हणेल, तापव. तापला की जुना वर्ख, डिंक, सगळं आपोआप सुटतं. कारखान्यात दर शनिवारी हेच करायचे. छापायला गरम नको म्हणाल्या होत्या ओलरबाई. पण पुसायला गरम करायची कारखान्याची रीत तिच्या हाडांत भिनलेली. तिनं वायर लावली आणि ठसा शेगडीवर ठेवला.

थोड्या वेळानं एक वास आला. तेलाचा, मेणाचा, शाळेचा. हा वास तिला माहीत होता. मुलं खेळायला घेतात तसल्या तेलकट मातीचा तो वास होता. ठसे कोरणारे हीच माती जवळ ठेवायचे. कोरलेल्या खड्ड्यात दाबायची, काढायची आणि चेहरा कुठवर आला ते बघायचं. उलट्या पितळात कोरणाऱ्यालासुद्धा चेहरा दिसत नाही. फोल्कमारच्या कोटाच्या खिशात नेहमी एक गोळा असे आणि धुण्याच्या दिवशी त्यावरून भांडण होई. म्हणजे ही घाण नव्हती. ही त्याची शेवटची चाचणी होती, आणि धूळ जाऊ नये म्हणून त्यानं ती खड्ड्यात तशीच ठेवून दिली होती.

तिनं घाईघाईनं ठसा शेगडीवरून उतरवला, टेबलावर ठेवला आणि वरची धूळ फडक्यानं हलकेच टिपली. धुळीखाली मातीची पाठ होती, आणि पाठीवर अंगठ्याचा ठसा.

अंगठा जाड, रुंद. प्रत्येक रेघ वेगळी दिसत होती. मधून आडवी एक फट गेली होती. कोरणी निसटून फोल्कमारच्या उजव्या अंगठ्याला खोल जखम झाली होती, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी. त्या जखमेचा तो वण. दोन दिवसांत तिनं एवढ्या छाप काढल्या होत्या, पण इतकी स्वच्छ एकही आली नव्हती.

तिनं हात लावला. नुसता लावला, दाबला असं ती कुणासमोरही कबूल करणार नाही. पण माती शेगडीवर लोण्यासारखी मऊ झाली होती, आणि तिच्या बोटांना मऊ कळलं नाही, गरम कळलं नाही, आत जातंय हेही कळलं नाही. हात उचलला तेव्हा वण गेला होता. रेघा गेल्या होत्या. तिथे तिच्या बोटाचा खळगा होता, चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत.

हाइड्रून खुर्चीवर बसली. आता रडू येईल, असं तिला वाटलं, आणि तिनं वाटही पाहिली. ट्रॅम गेली, पुन्हा एक ट्रॅम गेली. वरच्या मजल्यावरच्या माणसानं रेडिओ लावला. काही आलं नाही. मग तिनं उठून माती सुरीच्या टोकानं उचकटून काढली; निघताना ती वेडीवाकडी झाली. ठसा गार केला, स्पिरिटनं पुसला, शाई लावली आणि छाप घेतली.

भोवतालची माळ झकास आली. पान न् पान. आणि मध्ये, जिथे पोरगी असायला हवी होती, तिथे पांढरा, कोरा गोल. पुन्हा शाई लावली, पुन्हा दाबलं, दोन कागद खाली घालून दाब वाढवला. तोच कोरा गोल. आत शाई जातच नव्हती. उद्या ते तिघे येतील, या गोलाकडे बघतील आणि पुढचा कागद उचलतील. आणि परवा सकाळी भंगारवाला येईल.

शब्द दिलेला होता. हाइड्रूननं खड्डा पुन्हा पुसून कोरडा केला, बोट जिभेवर ओलं करून आतून फिरवलं, म्हणजे माती चिकटणार नाही; फोल्कमारला असं करताना तिनं हजारदा पाहिलं होतं आणि हजारदा शी म्हटलं होतं. माती अजून कोमट असावी. तिला ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून गोळा गालाला लावून बघितला. कोमट होता. मळून मळून तो खड्ड्यात बसवला आणि अंगठ्यानं दाबला, सगळं वजन टाकून, दाबयंत्रावर दाबायची तशी.

गार झाल्यावर गोळा अलगद सुटून हातात आला. तिनं तो खिडकीशी नेला.

पोरगी आठनऊ वर्षांची असेल. एक गाल फुगलेला. तोंडात आलुबुखाऱ्याची बी धरून बसली असावी, आणि कुणीतरी थुंक म्हटलंय म्हणून मुद्दाम थुंकत नसावी. भुवया किंचित आक्रसलेल्या. वेणीतून सुटलेली एक बट कानामागे. एवढ्याशा पितळात फोल्कमारनं गालातली बीसुद्धा कोरली होती.

संध्याकाळी लोथार चिखलानं भरलेले बूट घालून आत आला आणि टेबलापाशी थबकला. चष्मा डोळ्यांवर ओढून तो वाकला.

“आली की पोरगी!” तो म्हणाला. “कुणासारखी दिसते सांगू? कुणासारखीच नाही. आपली आपण आहे. कुठे होती ही?”

“आतच होती. खड्ड्यात.”

“फोल्कमारचीच?”

“माती त्याचीच,” हाइड्रून म्हणाली आणि सूप ढवळायला वळली.

बुधवारी ओलरबाई दोन गृहस्थांना घेऊन आल्या. एक लठ्ठ, एक दाढीवाला. दोघांनी दारातच बूट काढले आणि मोजे फाटके निघाल्याचं एकानं लपवलं. दोरीवरच्या छाप बघत बघत ते निवडत गेले. बगळा घेतला, जहाज घेतलं, दाढीवाला कवी दाढीवाल्याच्या आग्रहानं घेतला. माळेतला कोरा गोल आला तेव्हा लठ्ठ गृहस्थ म्हणाले, “हे काही लागत नाही,” आणि कागद बाजूला केला.

हाइड्रूननं मातीचा चेहरा त्या कागदावर, बरोबर कोऱ्या गोलात ठेवला.

तिघेही वाकले. ओलरबाईंनी खिडकीचा पडदा सारला, उजेड आडवा पाडला, आणि पोरीच्या गालाखाली सावली पडली. लठ्ठ गृहस्थांनी बाजूला केलेला कागद आपल्या हातानं परत ओढला. “हे असं आडव्या उजेडात टिपलं तर,” ते पुटपुटले, “छापेशेजारी ठेवता येईल.”

“ठेवू या,” ओलरबाई म्हणाल्या. “ठसा आम्ही नेतो, क्रेब्सबाई. हा पहिला.”

शब्द पाळला गेला. हाइड्रूननं मान हलवली. काही वाटलं नाही. काही वाटायला हवं असंही वाटलं नाही.

लोथारची छाती मात्र फुगली होती. “आणि नुसती पुढची बाजू काय बघताय? उलटून बघा! चेहरा त्यानं कोरला, मातीत दाबूनही त्यानंच बघितला. पाठीवर अंगठा आहे. माझ्या भावाचा अंगठा!”

ओलरबाईंनी गोळा उलटा केला, भिंग लावलं. त्यांचा आवाज मऊ झाला. “हे तर ठशाहून दुर्मीळ. कोरणाऱ्याची स्वतःची चाचणी. हेही द्याल का आम्हाला? काचेत ठेवू. खाली त्यांचं नाव लिहू.” आणि पेन्सिल काढून त्या चिठ्ठीवर लिहू लागल्या.

लोथार हाइड्रूनकडे बघून हसला, कॉफी कुठेय असं विचारावं तसा. सगळे खुश होते. हाइड्रून एक शब्दही बोलली नसती, तर फोल्कमारचा अंगठा म्हणून तो कायमचा काचेत राहिला असता.

“त्याचा नाहीये तो,” हाइड्रून म्हणाली.

पेन्सिल थांबली.

“माझा आहे. त्याचा होता. काल दुपारपर्यंत होता. वणासकट होता, सगळ्या रेघा होत्या.” तिनं आपली बोटं सगळ्यांसमोर धरली. “मी हात लावला आणि मला कळलंच नाही. मी पुसला. वीस वर्षं तो इथे खाली होता, माझ्या पायाखाली, आणि मी बटाट्यांवरून भांडत होते. आणि सापडला तेव्हा मी—”

पुढचं वाक्य आलं नाही. त्याऐवजी एक आवाज आला, कुणीतरी दुसरंच ओरडल्यासारखा, आणि ओलरबाईंनी खुर्ची पुढे केली म्हणून ती पडली नाही. फेब्रुवारीत पाद्रीसमोर, शेजारणींसमोर, रिकाम्या पलंगासमोर जे आलं नव्हतं ते शाईच्या टेबलाशी, फाटक्या मोज्यांच्या परक्या माणसांसमोर आलं. तिनं तोंड हातांनी झाकलं. हातांना तोंड कळत नव्हतं. पण तोंडाला हात कळत होते, थंडगार.

लोथार उठून तिच्यामागे उभा राहिला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“गेला रे तो, लोथार,” ती म्हणाली. “फोल्कमार गेला.”

“हो, हाइडे,” लोथार म्हणाला. “गेला.”